कार्यालयातल्या देखभाल-सेवेचा दर्जा मोजायची प्रश्नावली कशी करावी

'आमच्या देखभाल-सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?' हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत असेल तर तो आधी खोडा. बहुतेक लोक 'हो' म्हणतात, कारण दुरुस्तीला येणारा माणूस रोजच्या ओळखीचा असतो आणि त्याचं नुकसान व्हावं असं कुणाला वाटत नाही. जे 'नाही' म्हणतात, त्यांचं नेमकं कुठे अडलंय ते कळत नाही.

सुरुवात तक्रारवहीपासून करा. गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी वाचून सारख्या तक्रारी एकत्र लावा. एका दुपारचं काम आहे.

मग त्या तक्रारी पाच कप्प्यांत घाला. हे कप्पे परशुरामन, झाइथॅमल आणि बेरी या तिघा अभ्यासकांनी दिलेले आहेत. १९८५ साली त्यांनी सेवेच्या दर्जाचे दहा घटक मांडले. ज्या चार प्रकारच्या सेवा त्यांनी तपासल्या, त्यांत वस्तूंची दुरुस्ती-देखभालही होती. १९८८ मध्ये दहाचे पाच झाले आणि २२ विधानांची 'सर्व्हक्वल' मोजपट्टी तयार झाली. आपल्या कामाच्या भाषेत ते पाच असे: दिसणारी बाजू (हत्यारं, काम झाल्यावर आवरलेली जागा), भरवसा (सांगितल्या वेळी येणं), तत्परता (तक्रारीला लगेच उत्तर), जाणकारी (बिघाड ओळखता येणं) आणि आस्था (वीज बंद करण्याआधी विचारणं). ती २२ विधानं जशीच्या तशी उतरवून काढू नका. ती ग्राहकांसाठी लिहिलेली आहेत. तुमचा सहकारी नळ गळतोय म्हणून दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकत नाही.

आता खरा अवघड टप्पा: वाक्यं लिहिणं. इथे मी दोन वर्षं चुकत होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या प्रश्नावलीत मी लिहिलं होतं, 'दुरुस्ती वेळेवर आणि व्यवस्थित होते.' त्यापुढे एक (पूर्ण असहमत) ते पाच (पूर्ण सहमत) यांतल्या एका आकड्यावर खूण करायची होती. पाचपैकी सरासरी तीनच्या आसपास आली. व्यवस्थापनाने विचारलं, मग माणसं वाढवायची की आहेत त्यांना प्रशिक्षण द्यायचं? मला सांगता येईना. नंतर एका सहकारी बाईंना तोच कागद मोठ्याने वाचायला दिला. 'आणि'पाशी त्यांची पेन्सिल थांबली. "एसीवाला त्याच दिवशी आला, पण आठवड्याभरात पाणी पुन्हा गळायला लागलं. मग मी काय लिहू?" असं म्हणून त्यांनी तीनवर खूण केली. तो तीनचा आकडा मी अहवालात 'मध्यम समाधान' म्हणून छापला होता. तेव्हापासून माझ्या वाक्यांत 'आणि', 'व', 'तसेच' हे शब्द येऊच देत नाही. एका वाक्यात एकच गोष्ट.

दुसरा खड्डा नकारार्थी वाक्यांचा. 'तक्रारीची दखल घेतली जात नाही' या वाक्याशी 'असहमत' म्हणजे नेमकं काय, हे घाईत भरणाऱ्याला उमगत नाही. लोकांनी लक्ष देऊन वाचावं म्हणून अशी दोन-चार वाक्यं मुद्दाम पेरा, असा सल्ला अजूनही दिला जातो. तो ऐकू नका. सर्व्हक्वलच्या कर्त्यांनीच १९९१ च्या सुधारित आवृत्तीत आपली नकारार्थी वाक्यं होकारार्थी केली.

तिसरा खड्डा अपेक्षांचा. सर्व्हक्वलच्या मूळ पद्धतीत अपेक्षा आणि अनुभव दोन्ही विचारून त्यांतला फरक काढतात. पण 'सेवा कशी असायला हवी?' असं विचारलं की प्रत्येक जण सर्वात वरचा आकडा देतो. क्रोनिन आणि टेलर या अभ्यासकांनी १९९२ मध्ये फक्त अनुभव विचारावा असा पक्ष मांडला. एकाच कार्यालयापुरतं मोजायचं असेल तर मी ठामपणे त्यांच्या बाजूचा आहे. प्रश्नावली निम्मी होते आणि लोक ती शेवटपर्यंत भरतात.

शिवाय प्रत्येक वाक्य शेवटच्या तक्रारीला बांधा. 'सहसा' लिहिलं की लोक मनातलं मत देतात, घडलेलं सांगत नाहीत. 'माझ्या शेवटच्या तक्रारीच्या वेळी माणूस सांगितलेल्या वेळी आला' असं लिहा. बाजूला 'लागू नाही' हा रकाना हवाच. तो नसला की ज्यांनी कधी तक्रारच केली नाही ते मधल्या आकड्यावर खूण करतात आणि तुमचा सगळा निकाल मध्याकडे ओढला जातो.

वाक्यं झाली की पाच जणांना समोर बसवून मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडखळतील तिथे वाक्य बदला. समजावून सांगत बसू नका. प्रत्यक्ष भरताना तुम्ही शेजारी नसणार.

वाटताना नाव विचारू नका. चार जणांचा विभाग असेल तर विभागही नको, माणूस लगेच ओळखू येतो. भरलेले कागद देखभाल विभागाने गोळा करू नयेत.

मोजताना नुसती सरासरी काढू नका. किती जणांनी एक दिला, किती जणांनी पाच, ते शेजारी शेजारी मांडा. निम्मे एकवर आणि निम्मे पाचवर असले तरी सरासरी तीनच येते, पण त्याचा अर्थ बहुधा एका मजल्याला सेवा मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही असा असतो.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा वाक्यं तीच ठेवा. एक शब्द बदलला तरी त्या ओळीची आधीच्या आकड्याशी तुलना करता येत नाही.