कोकणी वाड्यातला गॉथिक हॉरर वन-शॉट कसा बांधायचा: आधी खोत, मग भूत

वन-शॉट म्हणजे एका बैठकीत संपणारा रोल-प्लेइंग गेम, डीएम गोष्ट चालवतो आणि प्लेअर त्यातली पात्रं होतात. गॉथिक हॉरर म्हटलं की आपले बरेच डीएम थेट युरोपातला किल्ला, वटवाघळं आणि काळ्या झग्यातला काउंट काढतात. ते चांगलंच आहे, १९८३ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स या गेमसाठी रेवनलॉफ्ट हे तयार साहस आलं तेव्हापासून 'व्हिलन दुष्ट आहे पण बिचारा पण आहे' हा प्रकार टेबलावर रुळला. पण दापोली नाहीतर मालवणकडच्या पोरांना घेऊन खेळत असाल तर बर्फातला किल्ला कशाला हवा, जांभ्या दगडाचा पडका वाडा, मागे पोफळीची वाडी, खाली खाडी, सगळं दारात तयार आहे. रत्नागिरीचा थिबा पॅलेस बघा, ब्रह्मदेशचा राजा थिबा, इंग्रजांनी हद्दपार केलेला, तिथेच १९१६ साली गेला. हरलेला माणूस आणि त्याला न सोडणारं घर, गॉथिकला याहून जास्त लागत नाही.

तर सुरुवात भुतापासून करू नका, मॅपपासून तर नकोच. आधी व्हिलन, आणि तो चार ओळींत लिहा: त्याचं सगळ्यात जास्त प्रेम कशावर होतं, त्याने काय केलं, ते कोणावर ढकललं, आणि आज तो काय करतोय. यातली तिसरी ओळ लोक विसरतात आणि तिथेच गेम फसतो. बायको मेली, मूल मेलं, म्हणून वेडा झाला, हे नुसतं दुःख झालं, त्यात त्याचा दोष कुठाय? प्लेअर हळहळतात आणि पाचव्या मिनिटाला तलवार काढतात. पाप त्याचंच हवं, आणि तेव्हा दुसरा रस्ता उघडा होता हे प्लेअरना नंतर सापडलं पाहिजे.

उदाहरण म्हणून एक खोत (गावाचा सारा गोळा करणारा वतनदार) घेऊ, गावात सगळे अण्णा म्हणतात. साल १९४९, मे संपत आलाय. खोतीचे दिवस भरलेत हे सगळ्यांना कळलंय (बाबासाहेबांनी विधिमंडळात बिल मांडलं ते १९३७ ला, आणि खोती निर्मूलनाचा कायदा याच १९४९ चा), म्हणजे अण्णांच्या पायाखालची जमीन तशीही सरकतेय. पंधरा वर्षांपूर्वी त्यांची बायको आणि आठ वर्षांचा मुलगा मुंबईहून सीझनच्या शेवटच्या बोटीने येत होते, मुलाची मुंज ठरलेली. बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्याला यायची. समुद्र खवळलेला, तांडेल (पडाव चालवणारा) म्हणाला आज पडाव काढत नाही, अण्णा म्हणाले मी सांगतोय ना, मुहूर्त टळतो. पडाव खाडीच्या तोंडाशी उलटला. आणि अण्णांनी गावाला सांगितलं की तांडेल प्यायला होता. त्याच्या घरच्यांची जमीन पण काढून घेतली.

आणि आज? दरवर्षी शेवटच्या बोटीच्या रात्री अण्णा खाडीच्या तोंडाशी कंदील चुकीच्या बाजूला, खडपावर (पाण्यातल्या खडकावर) टांगतात. कोणीतरी बुडतं. त्या एका रात्री मुलगा मागच्या दाराने घरी येतो. तो गिऱ्हा (पाण्यातलं भूत) आहे, मुंजा आहे की अण्णांचा भास, हे तुम्ही सांगूच नका, गावातली दोन माणसं दोन गोष्टी सांगू देत आणि तुम्ही मान डोलवत बसा.

एक सांगतो, ग्रामदेवतेला व्हिलन करू नका. टेबलावर कोणाचं तरी ते कुलदैवत निघतं आणि सगळ्या संध्याकाळचा विचका होतो. राखणदार, गाऱ्हाणं, कौल हे वातावरणाला ठेवा, पाप माणसाचं ठेवा. तसंच खरी दुर्घटना वापरू नका. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, अजून घराघरात आठवण आहे. आपली बोट आपणच बुडवावी.

आता प्लेअर कुठून आणायचे? ते यंदाच्या शेवटच्या बोटीच्या पडावात बसलेत! पहिला सीन तोच, अंधार, पाऊस, कंदील दिसतोय, नवा तांडेल तिकडेच वळवतो, डाइस टाका, पडाव खडपावर आदळतो, त्यांच्या सोबतचा एक प्रवासी दिसेनासा होतो. आणि पाण्यात कमरेपर्यंत उतरून त्यांना ओढून काढतो कोण, तर अण्णा. घोंगडी देतात, गरम पेज देतात, स्वतः ओले बसतात. व्हिलन पहिल्या अर्ध्या तासात भेटला पाहिजे आणि आवडला पाहिजे, शेवटी भेटलेल्या व्हिलनचं कोणाला काही वाटत नाही. एका प्लेअरला त्या जुन्या तांडेलाचा नातू करा, पण हे फक्त त्यालाच चिठ्ठीत सांगा.

पळून जायची सोय पाऊसच बंद करतो. पावसाळ्यात आगबोटी बंदच असायच्या, घाटाची वाट चिखलात, त्यामुळे 'आम्ही निघतो' म्हणणाऱ्याला तुम्ही हसून खिडकी दाखवायची.

वाड्याच्या पाच-सहा जागाच नीट रंगवा: ओटी, माजघर, देवघर, माळा, मागचं दार, विहीर. प्रत्येक जागी हात लावता येईल अशी एक वस्तू ठेवा. माजघरात जेवायला पाट मांडलेत, मोठ्यांचे मोठे आणि कडेला एक लहान, चांदीची फुलं ठोकलेला, समोर ताट वाढलेलं. कोणी विचारलं तर अण्णा सहज म्हणतात, "येईल तो, उशीर होतो त्याला." बास. मुलगा आज तेवीस वर्षांचा असता आणि पाट अजून आठ वर्षांच्या पोराचा आहे, हा हिशेब प्लेअरना स्वतः करू द्या. रक्तबंबाळ भिंतींपेक्षा हे जास्त चावतं.

क्ल्यूचा नियम सोपा: जे कळलंच पाहिजे त्याला तीन वाटा, कारण दोन तर प्लेअर हमखास चुकवतात. इथे कळायला हवं ते हे की तांडेल प्यायला नव्हता, पाप अण्णांचं आहे. तर त्याच्या म्हातारीच्या ट्रंकेत तुळशीची माळ, माणूस माळकरी होता. देवघरातल्या जुन्या पंचांगात मुंजीचे दोन मुहूर्त खुणा केलेले, दुसरा आठ दिवसांनंतरचा. आणि खडपावर लोखंडी आकडा, त्याच्यावर ताजी काजळी.

सिस्टिम कुठलीही चालेल, पण डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या फिफ्थ एडिशनमध्ये हिट पॉइंट (पात्र किती मार झेलेल तो आकडा) भरपूर असले की भीती पळते, म्हणून पात्रांची लेव्हल कमी ठेवा. कॉल ऑफ कथुलू (हॉररचाच गेम, १९८१ पासून आहे) जास्त जमतं, तिथे सॅनिटी, म्हणजे पात्राच्या मनाचा तोल, घसरते आणि बंदुकीने काही सुटत नाही. खेळाआधी दहा मिनिटं सगळ्यांना विचारा काय नको. इथे मूल बुडालंय, एखाद्याला ते झेपणार नाही, तर मुलाच्या जागी भाऊ करा. आणि टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवा, कोणी हात लावला की सीन पुढे, कारण विचारायचं नाही.

शेवट तुम्ही ठरवू नका, फक्त अण्णांपुढे तीच जुनी निवड परत ठेवायची सोय करा. त्यांनी गावकीसमोर देवळात खरं सांगितलं, तर मुलगा परत येणार नाही, नाही सांगितलं तर पुढच्या वर्षी परत कंदील. प्लेअर त्यांना समजावतील, फसवतील, मारतील, त्यांची मर्जी. मारलं तर मात्र खरं सांगणारा कोणी उरत नाही, आणि मागच्या दाराची कडी त्या रात्रीही वाजते, तांडेलाच्या नातवाने उघडायचं की नाही ते त्याने बघावं.

आणि हो, कोणीतरी वाडा पेटवायला निघणारच, प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. भर पाऊस आहे, लाकूड भिजलेलं आहे, रॉकेल अण्णांच्या खोलीत कुलपात आहे. ते मागायला त्याला अण्णांकडेच पाठवा.