पऱ्हे पिवळे पडले? युरियाच्या आधी पान बघा

धानाच्या रोवणीला बारा-पंधरा दिवस उरलेत, पावसानं दडी मारलीय आणि पऱ्ह्याचा, म्हणजे रोपांचा, वाफा पिवळा दिसायला लागलाय. साकोलीकडे आमच्या शेतात असं पहिल्यांदा झालं तेव्हा मी दुकानदाराचं ऐकून युरिया फेकला. आठवड्यानं मधलं नवं पान कागदासारखं पांढरं पडलं. तेव्हापासून मी आधी वाफ्यात बसते, युरियाची पिशवी नंतर.

खालची जुनी पानं पिवळी आणि शेंडा हिरवा असेल तर नत्र कमी आहे. नवं पान पिवळं, त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या, आणि जुनी पानं धडधाकट असतील तर लोह कमी आहे. जुन्या पानातलं लोह काढून नव्याला देणं धानाला फारसं जमत नाही, म्हणून उपास नव्या पानाला घडतो.

मातीत लोह भरपूर असतं हो, पण कोरड्या मातीत ते गंजाच्या रूपात असतं, पाण्यात विरघळत नाही. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी साचलं की मातीतली हवा संपते, जिवाणू त्या गंजातलं लोह विरघळतं करतात आणि मूळ ते सरळ ओढून घेतं. धानाकडे दुसरीही वाट आहे. मूळ स्वतःच एक आम्ल बाहेर सोडतं, ते गंजातलं लोह पकडतं, आणि मूळ त्या जोडीलाच आत घेतं. या जातीचं आम्ल जपानमध्ये जवाच्या मुळांत सापडलं. जपानीत जवाला ‘मुगी’ म्हणतात, त्यावरून त्याला म्युजिनिक आम्ल नाव पडलं. पण जव जेवढं सोडतो त्याच्या मानानं धान फारच थोडं सोडतं. म्हणूनच कोरड्या वाफ्यात, त्यातही चुनखडीच्या जमिनीत, धानाचे हाल होतात.

तेव्हा पहिलं औषध पाणीच. वाफ्यांमधल्या सऱ्या भरा आणि दोन-तीन दिवस ओल तुटू देऊ नका. बोअरचं पाणी भांड्याला पांढरा थर धरत असेल तर जवळच्या बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, पाणी द्या. जड पाण्यातल्या क्षारांनी लोह आणखी अडतं.

तेवढ्यानं भागलं नाही तर हिराकसाची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी. हिराकस फिकट हिरवा बघून घ्या, तपकिरी झालेला बिनकामाचा. १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम हिराकस आणि २५ ग्रॅम चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवा, चुन्याचं पाणी फडक्यातून गाळून हिराकसाच्या पाण्यात ओता आणि लगेच फवारा. ठेवलेलं पाणी तांबूस होतं, मग पानाला त्याचा उपयोग नाही. उन्हात फवारू नका, संध्याकाळ बरी. आठवड्यानं पुन्हा एकदा. हिराकस मातीत टाकून मी पैसे घालवलेत. कोरड्या मातीत त्याचा पुन्हा गंजच होतो.

खात्री नसेल तर आधी वाफ्याच्या एका हातभर पट्ट्यावरच फवारा. चार-पाच दिवसांत तेवढाच पट्टा हिरवा उठून दिसला, की तुमचं निदान बरोबर.

रोवणीनंतर महिन्याभरानं बांधीतलं एक रोप उपटून मूळ धुवा. जुन्या मुळावर तांबूस साल चढलेली दिसेल, कोवळं टोक मात्र पांढरं. धान पानातून हवा खाली मुळापर्यंत नेतं, ती मुळातून झिरपते आणि भोवतालच्या लोहाचा तिथंच गंज होतो. ही साल बघून घाबरू नका, जादा लोह बाहेरच अडवायला तिचा धानाला उपयोग होतो.

घाबरायचं ते वेगळ्या खुणेला. सदा पाणी तुंबलेल्या खोलगट बांधीत खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके पडतात, मग पान तांबूस होतं. तिथं लोह जास्त झालेलं असतं. अशा बांधीत हिराकस अजिबात नको. धुरा (बांध) फोडून पाणी काढा, दोन-तीन दिवस माती हवेशीर होऊ द्या, मग ताजं पाणी घ्या.