मणक्याला मार बसल्यानंतर या चुका टाळा

वाळवा, पलूस, तासगाव भागात मणक्याच्या पेशंटचे व्यायाम करून घ्यायला मी घरी जातो. कुणी उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला असतो, कुणी नारळाच्या झाडावरून, कुणी हायवेवर मोटरसायकलवरून. घरोघरी पहिला प्रश्न एकच, ‘चालायला कधी लागणार?’ सगळं घर पायांना तेल चोळत बसलेलं असतं. मी आधी पेशंटला कुशीवर वळवून माकडहाड बघतो. पाय लुळे पडले म्हणून ही माणसं दगावत नाहीत. पडून राहून पाठीला-बुडाला झालेली जखम चिघळून आणि लघवीचं इन्फेक्शन वर चढून दगावतात.

ट्यूबवर बसवणं, जखमेत हळद भरणं

विट्याकडच्या एका वस्तीवर पंचविशीतला पोरगा होता. वॉकर आणलेला, पायाला बांधायच्या कॅलिपरची ऑर्डर गेलेली, आणि बुडाखाली स्कूटरची फुगवलेली ट्यूब. जखमेवर हळदीचा थर. ‘घरची हळद आहे सर, भेसळ नाही,’ वडील म्हणाले. सलाईनच्या पाण्याने थर धुतला तेव्हा वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आतून सगळीकडे पोखरलेली निघाली, तळाला हाड लागत होतं. मिरजेला ऑपरेशन करून मांस फिरवून बसवावं लागलं. पुढे कित्येक आठवडे पालथं झोपणं. कॅलिपर तोवर कोपऱ्यात उभे.

ट्यूबमध्ये मधला भाग अधांतरी राहतो आणि कडा भोवतीच्या रक्तवाहिन्या दाबते, म्हणजे जिथे रक्त हवं तिथेच ते कमी पोचतं. हळदीने जखम झाकली जाते आणि आत काय चाललंय ते कळत नाही. जखम स्वच्छ धुवा, साधं ड्रेसिंग करा, डॉक्टरांना दाखवा.

अंथरुणात दर 2 तासांनी कूस बदलायचीच. एअर बेड घेतला म्हणून ही पाळी चुकत नाही. पूर्ण कुशीवर नको, खुब्याचं हाड टोचतं. पाठीमागे उशी लावून जरासं तिरकं ठेवा. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. ‘रात्री कोण उठणार?’ असं विचारणाऱ्यांना मी विचारतो, थ्री-फेजची लाईट रात्री दोनला येते तेव्हा मोटर चालू करायला कोण उठतं?

रोज सकाळी कातडी बघा. आपल्या सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून मी हाताची पाठ लावून बघतो. आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागलं, तर ती जागा पूर्ववत होईपर्यंत तिच्यावर वजन टाकायचं नाही.

चाकांच्या खुर्चीत बसणारे हातांवर जोर देऊन बूड दोन सेकंद उचलून परत टेकतात. त्याचा उपयोग नाही. 2003 साली इंग्लंडमध्ये मोजलं तेव्हा दबलेल्या कातडीतला ऑक्सिजन पूर्ववत व्हायला सरासरी पावणेदोन मिनिटांहून जास्त वेळ लागला होता. एवढा वेळ हातांवर तोलून राहणं खांद्यांना झेपत नाही. पुढे वाका, छाती मांडीकडे न्या, सावकाश दोन मिनिटं तसंच थांबा.

नळीची भीती

सोय म्हणून लघवीची कायमची नळी महिनोन्‌महिने ठेवतात. दर 4 ते 6 तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायला सांगितलं की घरचे घाबरतात, ‘इन्फेक्शन होईल.’ जॅक लॅपिडेस या अमेरिकन डॉक्टरांनी 1972 मध्येच दाखवलं, की त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. स्वच्छ हात आणि वेळेवर मूत्राशय रिकामं करणं महत्त्वाचं. एका वेळी 500 मिलीपेक्षा जास्त निघत असेल तर वेळा जवळ आणा. पोट दाबून लघवी काढू नका, ती उलटी किडनीकडे ढकलली जाऊ शकते. लघवी नुसती गढूळ दिसली म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नका. ताप, थंडी, पायांचे वाढलेले झटके असतील तर तपासा. आणि नळी टाळायला पाणी कमी पिणं ताबडतोब बंद करा.

डोकेदुखीला गोळी देऊन आडवं करणं

दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर हे जिवावर बेतू शकतं. खाली लघवी किंवा शौच तुंबलं की बीपी चढून एकाएकी डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा पेशंटचं वरचं बीपी एरवीच 90 ते 110 असतं, म्हणून त्याचं 140 हे जास्तच. आधी ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी मुडपली आहे का बघा. लघवी तुंबलेली नसेल तर शौच अडकलंय का बघा. बीपी उतरलं नाही तर थेट दवाखाना.

बधिर पायांना गरम पाण्याच्या पिशवीने किंवा विटेने शेक: कधीच नाही. भाजलेलं कळतसुद्धा नाही.

स्टेम सेल म्हणजे पेशी टोचण्याच्या उपचारासाठी रान विकू नका. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या नियमांनुसार मणक्यासाठी ते मान्य उपचार नाहीत. अभ्यासाचा भाग म्हणून देत असतील तर पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी लाखांचा आकडा सांगितला तर उठून या.

खुर्ची म्हणजे हार

‘एकदा खुर्चीत बसवलं की कायमचा बसला,’ म्हणून पेशंटला आतल्या खोलीत झोपवून ठेवतात, हे मला सगळ्यात जास्त लागतं. इंग्लंडच्या स्टोक मँडेविल हॉस्पिटलात डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 पासून जखम आणि लघवी सांभाळली, माणसांना उठवून खेळायला लावलं, तेव्हा कुठे ही माणसं वर्षानुवर्षं जगायला लागली. आपल्याच पेठचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनी आणलं. चालण्याचे प्रयत्न चालू राहू देत, पण तोवर पोराला अंगणात, रानात, चावडीवर जाऊ दे.

खुर्ची भाच्याची किंवा दान आलेली नको. बसल्यावर मांडी आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये तळहात सहज सरकला पाहिजे, आणि पैसे कमी पडत असतील तर खुर्ची साधी घ्या, गादी मात्र चांगली घ्या.