आधी मागचा सर्व्हर बंद करा

वेब सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर यांतला फरक मी नोकरी शोधताना पाठ केला होता. ‘वेब सर्व्हर तयार फाइली देतो, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर पान जागच्या जागी तयार करतो.’ मुलाखतीत हे वाक्य खपलं. पुढे काही महिन्यांनी, रात्री पावणेदोनला, साइट पडली. पडद्यावर ‘५०२ बॅड गेटवे’ आणि खाली बारीक अक्षरांत एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचं नाव. नाव दिसलं म्हणून मी एन्जिनएक्सच रिस्टार्ट करत बसले. एकदा, दोनदा, पाच वेळा. तो ठणठणीत होता. मेला होता तो त्याच्या मागचा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, गुनिकॉर्न, आणि एन्जिनएक्स बिचारा तेवढंच सांगत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

तेव्हापासून हा फरक व्याख्येनं शिकवायचा मी नाद सोडला. टीममध्ये कोणी नवीन आलं की त्याला चाचणीचं एक मशीन देते आणि सांगते, आधी मागचा सर्व्हर बंद कर, आणि काय मरतं, काय जिवंत राहतं ते लिहून काढ. तासा-दीड तासाचं काम आहे. तुम्हीही करून बघा.

मशीनची मांडणी

लिनक्सचं रिकामं व्हर्च्युअल मशीन घ्या. पुढे एन्जिनएक्स, मागे गुनिकॉर्न, आणि गुनिकॉर्नच्या पोटात जँगोचं (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) छोटंसं अ‍ॅप. जँगोच हवं असा हट्ट नाही. जावावाल्यांनी मागे टॉमकॅट ठेवावा, रूबीवाल्यांनी प्यूमा, पीएचपीवाल्यांनी पीएचपी-एफपीएम. फक्त जावास्क्रिप्टवाल्या नोडपासून सुरुवात करू नका, त्याचं कारण पुढे येईल.

अ‍ॅपमध्ये एकच पान पुरे: सर्व्हरवर आत्ता किती वाजले ते सेकंदासकट दाखवणारं. त्याला एक सीएसएस फाइल आणि एक चित्र जोडा. जँगोचं डीबग सेटिंग (कोड लिहिताना चुका शोधायला चालू ठेवतात ते) बंद ठेवा, हे महत्त्वाचं आहे. अलाउड होस्ट्सच्या यादीत मशीनचा पत्ता आणि १२७.०.०.१ (मशीन स्वतःशीच बोलतं तो पत्ता) दोन्ही घाला, नाहीतर ४०० ची एरर बघत बसाल. मग ‘कलेक्टस्टॅटिक’ चालवून सगळ्या स्टॅटिक, म्हणजे आयत्या तयार असलेल्या, फाइली एका फोल्डरमध्ये गोळा करा.

एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये दोन लोकेशन ब्लॉक लागतील. ‘स्टॅटिक’नं सुरू होणारे पत्ते थेट त्या फोल्डरमधून द्यायचे. बाकी जे काही येईल ते प्रॉक्सी पास करून १२७.०.०.१ वरच्या ८००० पोर्टवर ढकलायचं. गुनिकॉर्नला काही सांगितलं नाही तर तो याच पत्त्यावर बसतो. एन्जिनएक्स स्वतः ८० वर. ब्राउझरमध्ये पान उघडा, रिफ्रेश करा, सेकंद बदलताना दिसले की मांडणी जमली.

एकेक बंद करून बघणं

आता गुनिकॉर्न बंद करा. पान रिफ्रेश केलं की ५०२. पण सीएसएस फाइलचा पत्ता थेट टाकून बघा, ती येते. चित्रही येतं, आणि चटकन येतं. त्यांच्यापुरतं काहीच बिघडलेलं नाही. एन्जिनएक्सचा एरर लॉग उघडा, तिथे ‘१११: कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं लिहिलेलं सापडेल, सोबत ‘अपस्ट्रीम’ हा शब्द आणि ८००० पोर्ट. अपस्ट्रीम म्हणजे एन्जिनएक्सच्या नजरेतून त्याच्या मागचा, ज्याच्याकडे तो रिक्वेस्ट पाठवतो तो. हा एक शब्द मला त्या रात्री माहीत असता तर पाच रिस्टार्ट वाचले असते.

मग उलट करा. गुनिकॉर्न चालू, एन्जिनएक्स बंद. ब्राउझरमध्ये आता ५०२ सुद्धा येत नाही. जे दिसतं ते ब्राउझरचं स्वतःचं पान, कारण पलीकडून उत्तर द्यायलाच कोणी नाही. मशीनवर लॉगिन करून कर्लनं (टर्मिनलमधून वेबपत्ता मागवणारी आज्ञा) ८००० पोर्टला विचारा: पानाचा एचटीएमएल येतो, सेकंदही बरोबर. त्याच पोर्टवर सीएसएस फाइल मागा: ४०४. ही ४०४ जँगोनं दिलेली आहे. फाइल डिस्कवर आहे, पण डीबग बंद असताना ती वाटत बसणं हे जँगो आपलं काम मानत नाही.

इथे बरेच जण अडखळतात. लॅपटॉपवर जँगोचा सरावाचा सर्व्हर ‘रनसर्व्हर’ चालवला की सगळं दिसतं आणि खऱ्या सर्व्हरवर चढवलं की पान उघडंबोडकं, सीएसएसशिवाय. रनसर्व्हर डीबग चालू असताना दोघांचीही कामं करतो, म्हणून दोन वेगळी कामं आहेत हेच लक्षात येत नाही.

आणखी एक गोष्ट कर्लनं तपासा. फक्त हेडर मागवा आणि ‘सर्व्हर’ नावाची ओळ बघा. ८००० वर विचारलं तर गुनिकॉर्न, ८० वर विचारलं तर एन्जिनएक्स, जरी पान तेच असलं तरी. एन्जिनएक्स मागून आलेलं ते नाव काढून आपलं लावतो. म्हणून त्या हेडरवरून किंवा एररच्या पानाखालच्या नावावरून दोष कुणाचा ते ठरवू नका.

एवढं झाल्यावर मी नवीन माणसाला एकच प्रश्न देते: हे उत्तर तयार व्हायला तुझ्या कोडची एक तरी ओळ चालावी लागली का? लागली असेल तर ते अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचं काम. नसेल, नुसती फाइल उचलून दिली, रिक्वेस्ट दुसरीकडे वळवली, टीएलएसचं (एचटीटीपीएसमधल्या एन्क्रिप्शनचं) कुलूप उघडलं, तर ते वेब सर्व्हरचं. सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. एन्जिनएक्समध्ये कॅश (आलेलं उत्तर साठवून ठेवणं) चालू केला तर तेच पान पहिल्यांदा मागून येतं आणि पुढची काही मिनिटं पुढूनच. पत्ता तोच, काम करणारा वेगळा.

मग पुढचा ठेवायचाच कशाला?

हा प्रश्न हमखास येतो, आणि बरोबर आहे. गुनिकॉर्नला एचटीटीपी कळतं, कर्लशी तो सरळ बोलला. मग थेट ८० वरच का बसवू नये?

उत्तर प्रयोगातूनच घ्या. गुनिकॉर्न एका वर्करनं (रिक्वेस्ट हाताळणारी त्याची प्रोसेस) चालवा, त्याची मूळ सेटिंग तीच आहे. अ‍ॅपमध्ये दुसरं एक पान करा जे २० सेकंद नुसतं झोपतं. ते कर्लनं मागवा आणि लगेच दुसऱ्या टर्मिनलमधून वेळेचं पान मागवा. ते अडकतं. पहिलं संपेपर्यंत हलत नाही. (ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये करू नका, काही ब्राउझर एकाच पत्त्याच्या रिक्वेस्ट स्वतःच रांगेत लावतात आणि तुम्ही भलत्यालाच दोष द्याल.) त्याच वेळी सीएसएस फाइल मात्र झटक्यात येते.

साध्या वर्करला एका वेळी एकच गिऱ्हाईक सांभाळता येतं. गुनिकॉर्नच्या माहितीपत्रात वर्करची संख्या प्रोसेसरच्या कोरच्या दुप्पट अधिक एक ठेवा असं सुचवलंय, म्हणजे दोन कोरच्या मशीनवर पाच. आता अर्ध्या दांडीच्या नेटवर्कवरचे पाच जण एकाच वेळी पान मागतात असं धरा. थेट गुनिकॉर्न असेल तर पाचही वर्कर त्या पाच जणांपर्यंत बाइट्स ठिबकत बसतील आणि सहावा दारात उभा. मध्ये एन्जिनएक्स असला की तो रिक्वेस्ट पूर्ण गोळा करतो, मगच मागे देतो, मागून आलेलं उत्तर घटकन घेऊन वर्करला मोकळं करतो, आणि मग त्या संथ मोबाइलला सावकाश पाजत राहतो. हजारो जोडण्या अशा धरून ठेवणं त्याला जड जात नाही. इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये तो लिहायला घेतला आणि २००४ मध्ये लोकांसमोर आणला तो याच दुखण्यावर.

आता झोप ९० सेकंदांची करा. आधी गुनिकॉर्नचा ३० सेकंदांचा टाइमआउट आडवा येईल. तो वर्करलाच मारतो. बाहेर ५०० किंवा ५०२ दिसेल, ते आवृत्तीवर अवलंबून आहे, पण गुनिकॉर्नच्या लॉगमध्ये ‘वर्कर टाइमआउट’ अशी ओळ असते. तो टाइमआउट १२० करा आणि पुन्हा मागवा. या वेळी ६० व्या सेकंदाला ५०४. हा एन्जिनएक्सचा स्वतःचा धीर संपला: मागचा जिवंत आहे, जोडणीही झाली, पण उत्तर वेळेत आलं नाही.

या ५०४ कडे नीट बघा. एन्जिनएक्सनं हात झटकले तरी मागचा वर्कर थांबलेला नाही, तो उरलेले ३० सेकंद आपलं काम पूर्ण करतो. झोपेच्या जागी ऑर्डर नोंदवण्याचा कोड असता तर ऑर्डर नोंदली गेली, वापरणाऱ्याला एरर दिसली, त्यानं बटण पुन्हा दाबलं, आणि दोन ऑर्डर झाल्या. हा घोळ मी निस्तरलेला आहे. तेव्हा ५०४ दिसली की ‘काम झालं नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका, डेटाबेस उघडून बघा.

याच्या उलट ४१३. एन्जिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी, त्याहून मोठी फाइल अपलोड केली की तो दारातूनच परत पाठवतो. एका सहकाऱ्यानं यासाठी अख्खा दिवस जँगोच्या फॉर्मचा कोड चाळला. अ‍ॅपच्या लॉगमध्ये रिक्वेस्टची एक ओळ नव्हती, आणि तीच खरी खूण होती.

शब्दांवरून भांडणारे

जुने जावावाले तुम्हाला सांगतील की टॉमकॅट अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर नाहीच, तो सर्व्हलेट कंटेनर, म्हणजे जावाचा फक्त वेबपुरता कोड चालवणारा. त्यांच्या व्याख्येनं ते बरोबर आहेत. १९९९ च्या अखेरीस जे२ईई (मोठ्या कंपन्यांच्या कामासाठीचं जावा) आलं, आणि त्या जगात अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणजे वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस. ट्रँझॅक्शन, मेसेजिंग, ईजेबी (धंद्याचं काम करणारे जावाचे तयार साच्यातले भाग), सगळा संसार आत. टॉमकॅटमध्ये ईजेबी नाही. त्यातल्या जेबॉसची कम्युनिटी आवृत्ती २०१४ पासून वाइल्डफ्लाय या नावानं येते. माझ्या पायथॉनच्या जगात मात्र गुनिकॉर्नसारख्या सडपातळ गोष्टीलाही अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. समोरचा कुठल्या जगातला आहे ते आधी विचारा, वाद निम्मा मिटतो.

नोड बाजूला ठेवायला सांगितलं ते यासाठी की तिथे अ‍ॅप स्वतःच पोर्ट उघडून बसतं, त्यामुळे बंद करायला दोन वेगळ्या गोष्टीच हाती येत नाहीत. स्प्रिंग बूटमध्ये टॉमकॅट अ‍ॅपच्या जारमध्येच बांधलेला असतो. अपाची या वेब सर्व्हरमध्ये मॉड-पीएचपी वापरलं तर पीएचपीचा इंटरप्रिटर वेब सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये राहतो, आणि साधं चित्र मागणाऱ्यालाही तो सगळा बोजा असलेली प्रोसेस अडवावी लागते. ‘माझ्या कोडची ओळ चालली का’ हा प्रश्न इथेही लागू पडतो, फक्त दोन्ही उत्तरं एकाच घरात राहतात.

दोघांना जोडल्यावरच्या दोन चुका

अ‍ॅपला वाटतं सगळ्या रिक्वेस्ट १२७.०.०.१ वरून येतात, कारण त्याच्यापुरता एन्जिनएक्सच गिऱ्हाईक. खरा पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हेडरमधून पाठवावा लागतो. तसंच टीएलएस पुढेच उघडलं जातं, त्यामुळे अ‍ॅपला रिक्वेस्ट साधी एचटीटीपी वाटते, ते एचटीटीपीएसकडे वळवतं, ती पुन्हा तशीच येते, आणि ब्राउझर ‘फार वेळा वळवलं’ म्हणून कंटाळतो. ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ पाठवा आणि जँगोला त्यावर विश्वास ठेवायला सांगा. पण मग ८००० पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका, नाहीतर कोणीही थेट येऊन हवे ते हेडर स्वतःच लिहून पाठवेल. ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, बांधलेला गुनिकॉर्न दिसला की मी आधी तोच बदलते.

आता साइट पडली की मी रिस्टार्टला हात लावायच्या आधी मशीनवरून कर्लनं ८००० ला विचारते. उत्तर आलं तर पुढचा बघायचा, नाही आलं तर मागचा. त्या पावणेदोनच्या रात्री उत्तर आलं नसतंच. गुनिकॉर्नच्या लॉगमध्ये कारण नव्हतं आणि एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये फक्त ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. कारण सकाळी कर्नलच्या लॉगमध्ये सापडलं: मेमरी संपली होती आणि कर्नलनं गुनिकॉर्नची मुख्य प्रोसेस मारली होती. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा) सर्व्हिस फाइलमध्ये ‘रिस्टार्ट’ची ओळ कोणी लिहिलीच नव्हती, म्हणून तो परत उठला नाही. ती फाइल मीच लिहिली होती.