लोकलच्या वेगावरून अंतर कसे काढावे?

मरीन लाइन्सला स्लो लोकलमध्ये चढा आणि मोबाइलवर वेग दाखवणारे जीपीएस अ‍ॅप उघडा. खिडकीची जागा मिळाली तर उत्तम, पत्र्याच्या डब्यात आत सिग्नल नीट पोचत नाही. दारात लटकून मात्र हा उद्योग करू नका. गाडी हलताच पहिला आकडा लिहा आणि मग दर १५ सेकंदांनी एक.

समजा, चर्नी रोडपर्यंत ताशी किलोमीटरमध्ये या नोंदी आल्या: ०, २७, ४५, ५४, ५४, ३६, ०. (आकडे हिशेबाच्या सोयीने घेतले आहेत.)

आधी प्रत्येक आकड्याला ३.६ ने भागा, म्हणजे सेकंदाला किती मीटर ते कळेल: ०, ७.५, १२.५, १५, १५, १०, ०.

आता शेजारच्या दोन नोंदींची सरासरी काढून तिला १५ ने गुणा. पहिल्या टप्प्यात (० + ७.५) ÷ २ × १५ = ५६.२५ मीटर. अशा सहाही टप्प्यांची बेरीज ९०० मीटर येते. वेग-काळ आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर, आणि इथे आपण त्याचे समलंब चौकोन पाडून तेच मोजतोय.

सरासरी वेग काढायला ९०० ला ९० सेकंदांनी भागा: सेकंदाला १० मीटर, म्हणजेच ताशी ३६ किलोमीटर.

बहुतेक जण इथेच घसरतात. सातही नोंदींची बेरीज करून ७ ने भागले की ३०.९ येते, आणि ते चूक आहे. नोंदी सात असल्या तरी मधले टप्पे सहाच. पहिली आणि शेवटची नोंद एकेकाच टप्प्याला लागते, मधली प्रत्येक दोन टप्प्यांना. म्हणून टोकांचे वजन निम्मे धरायचे.

उत्तर कितपत भरवशाचे? प्रत्येक टप्प्यात लहान वेग धरला तर ६७५ मीटर, मोठा धरला तर ११२५. टप्प्याच्या मधल्या काळात वेग त्या दोन नोंदींच्या बाहेर गेला नसेल, तर खरे अंतर या दोहोंमध्येच असते. दर ५ सेकंदांनी नोंद घेतलीत तर ही फट बरीच आवळते.

एखादी नोंद हुकली तर तिथे शून्य लिहू नका. तो टप्पा ३० सेकंदांचा समजून त्याला ३० ने गुणा. भुयारी मेट्रो ३ मध्ये हा खटाटोपच नको, जमिनीखाली जीपीएस मिळत नाही.

चर्चगेट ते बोरिवली असा लांबचा प्रवास मोजताना स्टेशनांवरचे थांबे धरायचे की नाही, ते आधीच ठरवा. अंतर तेच राहते, पण भागायचा वेळ बदलतो.