डोंगरउतारावर चेनवाला हार्वेस्टर चालवताय? पलटी होऊ नये म्हणून हे करा

मावळ, भोर, इगतपुरी पट्ट्यात भात काढायला आता चेनवाले, म्हणजे चाकांऐवजी रुंद साखळी-पट्ट्यांवर चालणारे हार्वेस्टर येतात आणि "चेन आहे, पलटी कशाला होतंय" असं सर्रास ऐकायला मिळतं. चेनमुळे वजन पसरतं, मशीन चिखलात रुतत नाही, पकड मिळते, एवढंच. पलटी होणार की नाही हे ठरतं दोन चेनमधल्या रुंदीवर आणि वजन किती उंचावर आहे त्यावर.

आधी रान पायी फिरून बघा. दगड, खड्डे, बांधातली उंदरांची बिळं, पाणी झिरपतंय ती जागा, सगळीकडे काठी रोवून ठेवा, कारण उभ्या भातात वरून काहीच दिसत नाही.

मग उतार मोजा. दहा फुटी सरळ फळी घ्या, एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, लेव्हल बॉटल (गवंड्याची पातळी बघायची बुडबुड्याची नळी) लावून फळी आडवी धरा आणि दुसऱ्या टोकाखाली किती अंतर राहतं ते बघा. एक फूट आलं तर साधारण 6 अंश, दोन फूट आलं तर 11. मशीनच्या मॅन्युअलमध्ये जी मर्यादा दिलीय तिच्या बऱ्याच आत राहा, कारण खरी गंमत पुढंच आहे: दोन चेनमध्ये चार फूट अंतर धरा, खालची चेन नुसती सहा इंच खचली तरी आणखी 7 अंश वाढतात, म्हणजे 11 चे 18 झाले आणि ऑपरेटरला वाटतंय आपण त्याच उतारावर आहोत!

कापणी उताराच्या दिशेने वर-खाली करा, आडवं जाऊ नका. वळायचं ते सपाटीवर, कारण उतारावर जागच्या जागी वळलं की चेन माती उकरते आणि खालची बाजू अजून खचते. टाकी पूर्ण भरू देऊ नका, भरलेलं धान्य उंचावर असतं आणि बऱ्याच मशीनला टाकी एका अंगाला असते. धान्य काढायचा पाईप बाहेर काढायचा तो पण सपाटीवरच. भाडं तासावर असतं म्हणून मालक घाई करतो, पण टाकी दोनदा जास्त रिकामी केली तर मिनिटं जातात, मशीन उलटलं तर सीझन जातो.

बांधाच्या कडेपासून निदान बांधाच्या उंचीएवढं लांब राहा, ओला बांध असेल तर दुप्पट. बांध ओलांडायचा तर टाकी रिकामी, कटर जमिनीला न लागेल इतकाच वर, लो गिअर आणि काटकोनात, दोन्ही चेन एकदम चढल्या पाहिजेत. फूटभरापेक्षा उंच बांध असेल तर सरळ माती टाकून रॅम्प करा.

मशीनवर ऑपरेटर सोडून कोणी बसायचं नाही, पोत्यावर पोरं तर नाहीच, आणि उताराच्या खालच्या बाजूला बाया-माणसं उभी असतील तर आधी त्यांना हलवा, मगच मशीन चालू करा.