"तो थोडाच लागणार आहे!" : डिग्री निवडताना या चुका टाळा

जून-जुलैत माझ्या दुकानात पंख्याच्या वाऱ्यापेक्षा पालक जास्त असतात. अमळनेरच्या एसटी स्टँडजवळ मी प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. बाप दारातूनच सांगतो, "दादा, पटकन भरा, धुळ्याची गाडी पकडायची आहे." तीन-चार वर्षांचं शिक्षण वीस मिनिटांत उरकायचं असतं. तेवढा वेळ पोरगा बापाच्या तोंडाकडे बघत उभा राहतो, स्क्रीनकडे त्याचं लक्षच नसतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक पसंतीक्रमात होते. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला की ती जागा आपोआप फ्रीझ होते. मग घ्या नाहीतर सोडा, पुढच्या फेरीत नाव जात नाही. तरी लोक पहिल्या नंबरवर शोभेचं काहीतरी टाकतात. शेजारच्याला सांगायला बरं म्हणून.

ही चूक मी स्वतः, माझ्या हातानं केली आहे. भाचा लहानपणापासून मोटारींच्या मागे. विहिरीवरची मोटार जळाली की ओट्यावर पोतं अंथरून वाइंडिंग करायला बसायचा. तांब्याच्या तारेचे वेढे तोंडातल्या तोंडात मोजायचा, आणि मोजताना कुणी हाक मारली तर नुसता हात वर करायचा, थांबा म्हणून. बारावी झाल्यावर तो म्हणाला, "मामा, इलेक्ट्रिकल." दाजी म्हणाले, "वर कॉम्प्युटर लिखी टाका, तो थोडाच लागस!" मीही हसलो आणि टाकलं. पहिल्याच फेरीत तोच लागला. तोही पुण्यात.

पहिलं वर्ष सगळ्या शाखांना बरंचसं सारखंच असतं, म्हणून कळलं नाही. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर हा प्रोग्रामिंगचा विषय आला आणि पोरगा रात्री अकराला फोन करून गप्प बसायला लागला. तीन विषय राहिले. कपाशीचे पैसे हॉस्टेलला गेले. पोरगा ढ नव्हता, दिवसभर स्क्रीनसमोर बसणं त्याच्या अंगातच नव्हतं. हे मला त्या ओट्यावर दिसलं होतं आणि तरी मी बटण दाबलं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. विद्यापीठाच्या साइटवरून त्या डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढायचा, दहा पानं प्रिंट करून पोराच्या हातात द्यायची आणि बाकावर बसवायचं. प्रिंटचे पैसे घेत नाही. तिसऱ्या पानावर मोबाइल बाहेर आला तर मी फॉर्म भरत नाही, उद्या या म्हणतो. काही लोक चिडून समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

दुसरी माझी नावडती गोष्ट म्हणजे दहा मिनिटांची व्यक्तिमत्त्व चाचणी. चाचण्या वाईट नाहीत. जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माणसांच्या आवडीचे सहा प्रकार मांडले, हातानं काम करणारा, शोध घेणारा, कलावंत, माणसांत रमणारा, पुढाकार घेणारा, नीटनेटकी नोंद ठेवणारा. विचार करायला चांगलं साधन आहे. पण सतरा वर्षांचा पोरगा 'मी कसा आहे' याऐवजी 'मी कसा दिसावा' याचं उत्तर देतो. चाचणी द्याच, पण आठ दिवसांनी परत द्या आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवा. मी तर आईला विचारतो, "लाइट गेली आणि मोबाइल बंद पडला की हा काय करतो?" मला वाटतं ते उत्तर जास्त खरं.

"घरची शेती आहे, म्हणून बीएस्सी ॲग्री." रावेर-यावलकडची केळीवाली घरं हे हमखास सांगतात. शेतात रमणं वेगळं आणि मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पतींची आनुवंशिकता चार वर्षं वाचणं वेगळं. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, एक दिवस जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. त्यांना पॅकेज विचारू नका, काल दिवसभर काय केलं ते विचारा.

मित्र जिथे, आपण तिथे: यावर मी काही बोलत नाही.

अकरावीत गणित सोडताना इंजिनिअरिंगचं दार बंद होतं, हे बारावीनंतर येऊन मला विचारू नका.

बीबीए-बीसीएला २०२४ पासून सीईटी आहे. "डायरेक्ट होईल ना, दादा?" हा प्रश्न जुलैत येतो.

आणि बीएला नाक मुरडणं बंद करा. जळगावचं आपलं विद्यापीठ १९९० चं. २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे, असोद्याच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं. आणि ज्या पोरीला अहिराणीतल्या ओव्या आजीकडून उतरवून घ्यायचा नाद आहे, तिला आपण "काहीच नाही लागलं म्हणून बीए" असं सांगतो.

आधीच चुकलं असेल तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय पास करा. इंजिनिअरिंगची शाखा दुसऱ्या वर्षी बदलता येते, पण गुणांवर आणि जागा रिकामी असेल तरच. भाच्याच्या वेळी रिकामी नव्हती. बीए-बीकॉम-बीएस्सीला नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानं सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी थोडे जादा क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक, करावे लागतात, ते आधी विचारून घ्या. आणि २०२२ पासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, म्हणजे कॉलेज चालू ठेवून दुसरी पदवी दूरशिक्षणानं करता येते.

भाचा अजून पुण्यातच आहे, एक वर्ष मागे. दिवाळीला आला तेव्हा शेजाऱ्याची मोटार उघडून ओट्यावर बसला होता. दाजी बॅटरी धरून उभे. त्यांनी विचारलं, "आता किती विषय राहिले रे?"

पोरानं मान वर न करता नुसता हात वर केला.